स्वस्त ई-गाडीची बॅटरी उघडता आली पाहिजे : बोल्ट, गॅसकेट आणि डिंक

दहाचा_पाना :

नमस्कार मंडळी. वारज्याला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. उमेदीची सगळी वर्षं पेट्रोल-डिझेलवर गेली. चार वर्षांपूर्वी विजेच्या गाड्यांचा कोर्स केला आणि आता महिन्याला पाच-सहा ई-गाड्या येतात. गेल्या आठवड्यात एका गाडीचा बॅटरी पॅक उघडला, तेव्हापासून तो विषय डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

गाडी छोटी, स्वस्तातली, टॅक्सी पासिंगची. पॅक २४ किलोवॅट-तासाचा, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत २४ युनिटचा. नवी असताना एका चार्जला १९० किलोमीटर जायची, आता ११५ ला दम तोडते. रनिंग भरपूर झाल्यामुळे वॉरंटीची किलोमीटरची मर्यादा ओलांडलेली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, 'पॅक बदला.' किंमत सांगितली ती गाडीच्या आजच्या बाजारभावापेक्षा जास्त. मालक माझ्याकडे आले.

आत एलएफपीचे (लिथियम-लोह-फॉस्फेटचे) शंभर सेल एका रांगेत जोडलेले. प्रत्येक सेल ३.२ व्होल्ट, ७५ अँपिअर-तास. उभ्या गाडीत सगळे सेल ३.२९-३.३० दाखवत होते, एकही मागे-पुढे नाही. एलएफपीचं हेच आहे, आराम करताना आजारी सेल कळत नाही. म्हणून स्कॅनर लावून, मालकांना शेजारी बसवून कात्रजचा घाट चढलो. चढाला ९९ सेल ३.१५ च्या आसपास राहिले आणि ६३ नंबरचा सेल २.६२ ला आला. बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारा संगणक) सगळ्यात खालच्या सेलकडे बघून निर्णय घेतो. दिंडी जशी सगळ्यात थकलेल्या वारकऱ्याच्या चालीने चालते, तसं हे. ९९ सेलांत वीज शिल्लक असताना गाडी एका सेलसाठी थांबत होती.

म्हणजे शंभरात एक सेल खराब, आणि इलाज काय सांगितला, तर शंभरच्या शंभर बदला.

मी पॅक उतरवला. १२ व्होल्टची बॅटरी सोडली, सर्व्हिस प्लग (पॅकमधला वीजमार्ग तोडणारा जोड) काढला, दहा मिनिटं थांबलो, हजार व्होल्टचे हातमोजे घातले, मग हात लावला. झाकणाचे बोल्ट वीस मिनिटांत निघाले. त्याखाली चारही बाजूंनी सीलंटची (फट बुजवणाऱ्या डिंकाची) पट्टी. गाडीची चिकटवलेली काच सोडवायला आम्ही जी तार वापरतो ती घालून, दोन जणांनी दोन टोकं धरून, करवतीसारखी ओढत ओढत चार तास लागले. तरी झाकणाची एक कड वाकलीच. आत दहा-दहा सेलांची दहा मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूल चार बोल्टवर, पण खाली उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट भरलेली, ती सुकून दगड झालेली. बोल्ट काढूनही मॉड्यूल हलेना. लाकडी पाचर मारत मारत दीड तासाने एक सुटलं. आणि मॉड्यूलच्या आत सेल एकमेकांना डिंकाने चिकटवलेले, वरचे बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लेझरने वेल्ड केलेले. ६३ नंबरचा सेल माझ्या डोळ्यांसमोर होता, बोट ठेवता येत होतं, पण काढता येत नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. महागड्या गाडीचा मालक कदाचित नवा पॅक घेईल. स्वस्त गाडी घेणारा नाही घेऊ शकत. म्हणून जी गाडी स्वस्त करायची, तिचाच पॅक सगळ्यात आधी उघडता, दुरुस्त करता आणि शेवटी सुटा करता आला पाहिजे. या क्षेत्रात काम करणारे इथे बरेच आहेत. डिंक खरंच एवढा लागतो का, ते सांगा.

चाकण_शॉप_फ्लोअर :

दादा, मी पॅक असेंब्लीच्या लाइनवर सात वर्षं काढली आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील आहे असं समजतो.

डिंक आळसापोटी येत नाही. एलएफपी सेल सुरक्षित आणि स्वस्त, पण तेवढ्याच वजनात वीज कमी साठवतो. त्यामुळे डिझायनर सेलभोवतीचं लोखंड-ॲल्युमिनियम कमी करत जातो. मॉड्यूल काढून टाकायची आणि सेल थेट पॅकमध्ये बसवायचे, ही पद्धत त्यातूनच आली. बीवायडी या चिनी कंपनीने २०२० मध्ये ब्लेड बॅटरी आणली, त्यात जवळजवळ ९६ सेंटिमीटर लांबीचे पट्टीसारखे सेल शेजारी-शेजारी ठेवून वर-खाली पत्र्यांना चिकटवतात. सेल हाच पॅकचा कणा होतो. वजन वाचतं, पैसे वाचतात, रेंज वाढते. स्वस्त गाडी शक्य झाली ती बऱ्याच अंशी यामुळे.

दुसरं, आपले रस्ते. बोल्ट हादऱ्याने सैल होतो. शंभर सेलांची दोनशे टोकं बोल्टने जोडली, तर त्यातला एक जरी सैल झाला तरी तिथे विजेला रोध वाढतो, जागा तापते आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. सेलवरच्या वेल्डचा मी आग्रहाने बचाव करेन.

पण तुमच्या गाडीत डिंक तीन ठिकाणी होता, आणि तिन्ही ठिकाणांची गरज सारखी नाही. सेल ते सेल : ताकदीसाठी लागतो, मान्य. मॉड्यूलच्या खाली : तिथे सुकून कडक होणाऱ्या पेस्टऐवजी मऊ राहणारे थर्मल पॅड टाकता येतात. पॅड महाग, आणि हाताने किंवा वेगळ्या मशीनने बसवावे लागतात, म्हणून टाळतात. झाकण : इथे सीलंट लावायला माझ्या मते कारणच नाही. रबरी गॅसकेट आणि पुरेसे बोल्ट यांनी पाणी अडतं. फक्त कड जाड आणि सपाट ठेवावी लागते, त्यासाठी साचा थोडा महाग होतो. सीलंटचा रोबो मिनिटभरात चारी बाजू फिरून येतो, साचा स्वस्त राहतो. कारखान्यातलं ते मिनिट वाचवलेलं तुमच्या गॅरेजमध्ये चार तास होऊन येतं. हे आमच्या मीटिंगमध्ये कुणी मांडत नाही, कारण त्या टेबलावर गॅरेजवाला बसलेला नसतो.

माझ्या मते मधला रस्ता असा : मॉड्यूल छोटी ठेवा, आत वेल्ड करा, पण मॉड्यूल ते मॉड्यूल जोड बोल्टचा आणि झाकण गॅसकेटचं. तुमच्या पॅकमध्ये त्याने फक्त वीसएक मोठे बोल्ट वाढले असते. सेल नाही, पण दहा सेलांचा डबा तरी तासाभरात बदलता आला असता.

कुदळवाडी :

आमचा भंगाराचा धंदा, वडिलांपासूनचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतली शेड पाडली गेली तेव्हापासून दुसरीकडे बस्तान आहे, पण लोक अजून त्याच नावाने ओळखतात.

वर कुणी सांगितलं नाही ते मी सांगतो. भंगारात भाव मालाला मिळतो, पण धंदा वेळेवर चालतो. एक नग सुटा करायला किती वेळ, यावर ठरतं की तो सुटा होणार की तोडला जाणार.

शिशाची बॅटरी बघा. कुठल्याही कंपनीची, कुठल्याही गाडीची घ्या, आत तेच : शिसं, प्लास्टिकचा डबा, ॲसिड. शिसं ३२७ अंशाला वितळतं. दुकानात नवी घ्यायला गेलात की जुनीचे पैसे वजा होतात. २०२२ पर्यंत लागू असलेल्या २००१ सालच्या नियमात दुकानदाराने जुनी परत घ्यायची हे लिहूनच ठेवलं होतं, आणि भाव मिळतो म्हणून ते अजून पाळलंही जातं. (चोरून, उघड्यावर भट्टी लावणारे आहेत, आणि त्याने माणसं आजारी पडतात, हेही खरं. ती बाजू मी झाकत नाही.)

लिथियमचा पॅक आला की पहिला प्रश्न, आत काय आहे? बाहेर पार्ट नंबर असतो, बारकोड असतो. एलएफपी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), ते कुठेच मोठ्या अक्षरांत नाही. दोन्हींचा भाव वेगळा, धोका वेगळा. चार्ज किती शिल्लक आहे, ते कळायला मार्ग नाही. मग लोक काय करतात? ॲल्युमिनियमचं कवच, तांब्याचे बसबार, केबल, एवढं काढून घेतात आणि सेल कोपऱ्यात रचून ठेवतात. मी स्वतः असे ढीग पाहिलेत, पावसात भिजताना. ते बघून पोटात गोळा येतो.

आम्हाला कळू दे, आत काय आहे. पॅकवर हाताच्या पंज्याएवढं लिहा. झाकण साध्या पान्याने निघू दे. मग बघा, सेल कोपऱ्यात पडणार नाहीत.

दहाचा_पाना :

@कुदळवाडी, धन्यवाद. एक विचारायचं होतं, या मॉडेलची अपघातातली एखादी गाडी तुमच्याकडे किंवा ओळखीत आली आहे का? पॅकला मार नसलेली. मला एकच मॉड्यूल पाहिजे. सुटं मॉड्यूल कंपनी विकत नाही.

कुदळवाडी :

बघतो. विमा कंपन्यांच्या लिलावात येतात कधी कधी.

पाषाण_रोड :

निवृत्त रसायनशास्त्रज्ञ आहे. आयुष्यभर पदार्थांच्या शुद्धतेवर काम केलं, त्यामुळे हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

दहाचा_पाना यांनी जे अनुभवाने म्हटलंय, त्याला रसायनाचा भक्कम आधार आहे. जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराचा सगळा आर्थिक डोलारा कोबाल्ट आणि निकेलवर उभा राहिला. मोबाइल, लॅपटॉप, महागड्या गाड्या, यांच्या सेलांत ते असतात. सेल दळून जी काळी पूड मिळते, तिला बाजारात किंमत असते ती मुख्यतः या दोन धातूंमुळे. एलएफपी म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. दोन्हीपैकी एकही महागडा धातू नाही. म्हणूनच तो स्वस्त आहे, आणि म्हणूनच मेल्यावर त्याला कुणी विचारत नाही.

हिशेब करून दाखवते. एक युनिट वीज साठवायला साधारण दोन किलो एलएफपी पूड लागते. तिच्यात वजनाने ४.४ टक्के लिथियम, म्हणजे ९० ग्रॅमच्या आसपास. २४ युनिटच्या पॅकमध्ये दोन किलोच्या वर थोडं लिथियम, आणि बाकी सगळं लोह-फॉस्फेट. दोनशे किलोचा डबा फोडून, दळून, आम्लात विरघळवून, गाळून शेवटी हे हाती येणार. तांबं आणि ॲल्युमिनियम मिळतं ते वेगळं. लिथियमचा भाव पडला की हे गणित लगेच तोट्यात जातं.

एक चांगला रस्ता आहे. एलएफपीची पूड दळून तिचे मूळ घटक वेगळे करण्याऐवजी, तिच्यातलं कमी झालेलं लिथियम पुन्हा भरून तीच पूड परत वापरायची. स्फटिकाची रचना शाबूत असते, ती मोडायची कशाला? याला थेट पुनर्निर्माण म्हणतात. पण त्यासाठी पूड स्वच्छ लागते. तिच्यात तांब्याचा कण, ॲल्युमिनियमचा कण, डिंकाचा अंश, सिलिकॉन गेलं की ती पुन्हा सेलमध्ये घालण्यालायक राहत नाही. पॅक जसाच्या तसा दळायच्या यंत्रात टाकला तर हे सगळं एकत्र होणारच. सेल वेगळा काढता आला, मग तो उघडून आतल्या पुडीचा लेप दिलेल्या पट्ट्या वेगळ्या करता आल्या, तरच हा रस्ता खुला राहतो. थोडक्यात, झाकणाचा डिंक आणि प्रयोगशाळेतली शुद्धता यांचा थेट संबंध आहे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. उत्पादकावर जबाबदारी टाकली. ई-गाड्यांच्या बॅटरीतून २०२६-२७ पासून वजनाच्या ९० टक्के पदार्थ परत मिळवायचे आहेत, आणि २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत किमान ५ टक्के पुनर्प्राप्त माल वापरायचा, तो २०३०-३१ पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचा. उद्दिष्ट चांगलं आहे. पण हे ९० टक्के गाठायचे कसे, ते पॅकच्या नकाशावर पहिली रेघ ओढताना ठरतं. ते काम दळण्याच्या यंत्रावर सोपवून चालणार नाही.

आणि पुढची गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या इथल्या आयसर (विज्ञान संशोधन संस्था) आणि केपीआयटी (वाहनांच्या सॉफ्टवेअरची कंपनी) यांनी सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. मला त्याचा अतिशय आनंद झाला. पण सोडियमच्या सेलात लिथियमही नाही, आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचीच पट्टी चालते म्हणून तांबंही नाही. भंगारवाल्याच्या दृष्टीने तो एलएफपीहून गरीब. त्यातला एक गुण मात्र मोठा आहे, तो शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करता येतो, त्यामुळे वाहून नेणं आणि उघडणं सुरक्षित. या गुणाचा उपयोग करून घेणारा पॅक आत्ताच आखायला हवा.

कोथरूड_सर्व्हेअर :

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. इथला उत्साह समजतो, पण मला काळजी वाटते ती स्पष्ट लिहितो.

मार्च २०२२ मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याचं आठवत असेल. त्या सालातल्या अशा आगींनंतर बॅटरीचे सुरक्षा निकष कडक झाले. चारचाकीसाठी एआयएस-०३८ या सुरक्षा मानकाची सुधारित आवृत्ती डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. आत एखादा सेल पेटला तर गाडीतल्या माणसांना बाहेर पडायला ५ मिनिटं तरी आधी इशारा मिळाला पाहिजे, अशी त्यात अट आहे. आपल्या टेकडीवरची एआरएआय (वाहनांची चाचणी घेणारी संस्था) असे पॅक आपटून, भाजून, बुडवून बघते तेव्हा कुठे मान्यता मिळते.

आता वारज्याच्या गॅरेजमध्ये तो पॅक उघडला, दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल बसवलं. दादांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण उद्या ती गाडी पेटली तर मी माझ्या अहवालात काय लिहू? झाकण उघडलेला पॅक मान्यता मिळालेला पॅक उरतो का? आणि आज दादांनी केलं ते बघून उद्या हातमोजे न घालता एखादा पोरगा तीनशे व्होल्टला हात लावेल. मला त्या पोराची काळजी आहे.

दहाचा_पाना :

सर, तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे. माझ्या गॅरेजमध्ये दोन मुलं आहेत, दोघांनाही मी पॅकजवळ एकटं जाऊ देत नाही.

पण एक बघा. उघडायला अवघड केल्याने लोक उघडायचं थांबत नाहीत. ते तार, छिन्नी आणि ग्राइंडर घेऊन उघडतात. मी चार तास तीनशे व्होल्टच्या डब्याच्या कडेला तार ओढत होतो. झाकण बोल्टवर असतं तर तो धोका मला पत्करावा लागला नसता. आणि सर्व्हिस प्लगसारखी अजून एक गोष्ट हवी : प्रत्येक दोन मॉड्यूलच्या मधे तोडता येणारा जोड, म्हणजे झाकण काढल्यावर एका वेळी ६० व्होल्टच्या आतलाच भाग हाताशी येईल. दहा सेलांचं मॉड्यूल ३२ व्होल्टचं. ते सुटं केल्यावर त्याला घाबरायचं कारण नाही, शॉर्ट मात्र होऊ द्यायचं नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी ठरवून द्या ना. इन्सुलेशन मेगरने (वीज बाहेर झिरपते का ते मोजणाऱ्या यंत्राने) बघतो, हवा भरून गळती बघतो, लोडवर प्रत्येक सेल बघतो. त्याचा ठरलेला कागद असेल, तर तो मी आनंदाने भरेन आणि खाली सही करेन.

कोथरूड_सर्व्हेअर :

असा कागद असेल तर माझा विरोध राहणार नाही. एक मात्र कबूल करतो. पॅकच्या तळाला दगड लागून पोचा आला, आत काहीच झालं नसेल अशी शक्यता मोठी, पण बघायला झाकण उघडता येत नाही म्हणून पूर्ण पॅक बाद, पर्यायाने गाडी बाद, असे दावे मी स्वतः मंजूर केले आहेत. प्रत्येक वेळी सही करताना चुकल्यासारखं वाटतं.

एकतानगरी :

सर्व्हेअर सरांचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

२५ जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. आमची ई-गाडी होती, तिचे हप्ते अजून चालू होते. सीटच्या वरपर्यंत पाणी, आणि ते ओसरायला दिवस गेला. पॅकला आयपी-६७ मानांकन होतं. त्याचा अर्थ मी नंतर शिकले : एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमची गाडी त्याच्या किती पट वेळ बुडाली होती.

गाडी टो करून नेली. मी रोज विचारत होते, आत पाणी गेलंय का? एवढाच प्रश्न. कुणालाच सांगता आलं नाही, कारण उघडून बघायची परवानगी नव्हती. दुरून वाचायला आत दमटपणा मोजणारा सेन्सर नव्हता. शेवटी पॅक बाद ठरवला. सहा आठवड्यांनी दुसऱ्या कुणीतरी तो कापला तेव्हा फोटो पाठवला मला, आतला फोम कोरडा ठणठणीत. फक्त एका कनेक्टरमध्ये गंज होता.

गाडी गेली त्याचं दुःख एकीकडे. पण दोनशे किलोची चांगली बॅटरी कापली गेली, हे मला जास्त लागलं. पुण्यात राहायचं तर पाणी शिरणार हे गृहीत धरूनच गाडी आखा. एक तपासणीचं झाकण, तळहाताएवढं, आणि आत दमटपणाचा एक सेन्सर. याला किती खर्च येतो?

चाकण_शॉप_फ्लोअर :

ताई, सेन्सरचा खर्च पॅकच्या किमतीपुढे नगण्य आहे. मी हा मुद्दा आमच्या डिझाइनच्या लोकांपुढे लेखी मांडतो. तुमचा अनुभव नाव न घेता त्यात लिहिला तर चालेल ना?

एकतानगरी :

जरूर लिहा.

सीओईपी_तिसरं_वर्ष :

मेकॅनिकलला आहे, प्रोजेक्टसाठी विषय शोधतोय. पूर्ण सुटा होणारा पॅक आधी कुणी केलाच नाही का?

चाकण_शॉप_फ्लोअर :

केला आहे. निसान लीफ, २०१०. २४ युनिटचाच पॅक, ४८ मॉड्यूल, प्रत्येकात चार सेल, सगळी बोल्टवर. जपानमध्ये निसान आणि सुमितोमोच्या फोरआर एनर्जीने २०१८ मध्ये नामिए गावात कारखाना काढला. जुने पॅक उघडायचे, मॉड्यूलची प्रतवारी करायची, चांगली निवडून पुन्हा पॅक बांधायचा आणि नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत लीफच्या मालकांना द्यायचा. बाकीची मॉड्यूल वीज साठवायला दुसरीकडे. लीफच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे उष्ण हवेत ती लवकर दमली, हा दोष होताच. पण सुटं करण्याच्या बाबतीत तिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

युरोपचा २०२३ चा बॅटरी कायदाही वाच. १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार, म्हणजे कुदळवाडी भाऊंचा 'आत काय आहे' हा प्रश्न कोड स्कॅन करून सुटेल. ई-सायकल, ई-स्कूटरची बॅटरी बाहेरच्या तंत्रज्ञाला सेलपर्यंत बदलता आली पाहिजे, असंही त्यात आहे. मोटारींना मात्र ही अट नाही. मला वाटतं तिथे ते कमी पडले.

आपल्याकडची एक गोष्ट बोचते. नवी ई-गाडी घेतली तर जीएसटी ५ टक्के. तीच बॅटरी सुटी बदलायला घेतली तर १८ टक्के. दुरुस्ती करणाऱ्याला जास्त कर, हे उलटं व्हायला हवं.

वस्ती_आणि_कचरा :

कचरावेचक भगिनींसोबत काम करते. पुण्यात १९९३ पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. कुदळवाडी दादांच्या लेबलच्या मुद्द्याला जोड : अक्षरं नकोत, रंग आणि चित्र हवं. पॅक सुटे व्हायला लागले की सुटे सेल वर्गीकरणाच्या शेडपर्यंत पोचतील, आणि ते हाताळणाऱ्या अनेक जणींना वाचता येत नाही. एलएफपीला एक रंग, एनएमसीला दुसरा, सेलच्या अंगावरच. आणि ते ठरवताना आमच्या बायकांना विचारा, त्या कुठला रंग मळल्यावरही ओळखू येतो ते बरोबर सांगतील.

टॅक्सी_१४ :

दहाचा पाना दादांनी लिहिलेली गाडी माझी. मुलीने हा धागा वाचून दाखवला. मला त्यातलं फार कळत नाही. पण गाडी उभी राहून आज अकरा दिवस झाले आणि हप्ता पाच तारखेला आहे. सर्व्हिस सेंटरने मला सेलचा कागद दाखवला नाही, फक्त पॅकचा आकडा सांगितला. दादांनी घाटात स्क्रीनवर तो एक सेल पडताना दाखवला तेव्हा पहिल्यांदा कळलं, माझ्या गाडीला झालंय काय. हे तरी प्रत्येक गाडीवाल्याला दिसायला पाहिजे. बॅटरी माझी आहे ना.

कुदळवाडी :

@दहाचा_पाना, मिळाली. तेच मॉडेल, पुढून ठोकलेली, पॅकला ओरखडा नाही. उद्या फोन करा.

दहाचा_पाना :

तीन आठवड्यांनी सविस्तर लिहितोय, उशीर झाला.

कुदळवाडी भाऊंकडच्या पॅकमधून एक मॉड्यूल घेतलं. पूर्ण भरून, मग पूर्ण रिकामं करून क्षमता मोजली : ६८ अँपिअर-तास. टॅक्सीच्या बाकीच्या मॉड्यूलची ६९. एवढं जुळलं तर जोडायला हरकत नाही. जोडण्याआधी दोन्हीकडचे सेल एका व्होल्टेजवर आणले, त्यातच दोन दिवस गेले. मॉड्यूलवरचं सेल मोजणारं कार्ड गाडीच्या बीएमएसशी बांधलेलं होतं, दुसरं कार्ड त्याने ओळखलंच नाही. म्हणून जुन्या मॉड्यूलचं कार्ड काढून नव्यावर चढवलं. हे कुलूप कशासाठी ठेवलंय, मला खरंच समजत नाही.

खाली सुकणारी पेस्ट भरली नाही, पॅड टाकले. झाकणाची वाकलेली कड सरळ करून घेतली आणि नाना पेठेत रबराच्या शीटमधून पूर्ण आकाराचं गॅसकेट कापून घेतलं. बोल्ट टॉर्क रेंचने, तिरके-तिरके, तीन फेऱ्यांत. मग पॅकमध्ये अगदी हलक्या दाबाने हवा भरून सगळ्या कडेने साबणाचा फेस लावला. एका कोपऱ्यात बुडबुडे आले, तिथलं गॅसकेट दुमडलं होतं. उघडलं, नीट केलं, परत लावलं. दुसऱ्यांदा उघडायला पंचवीस मिनिटं लागली. मेगरवर इन्सुलेशन उत्तम. सर्व्हेअर सरांशी इथे बोलणं झालं त्याप्रमाणे सगळे आकडे एका कागदावर लिहून मालकांना दिले, एक प्रत माझ्याकडे.

परत कात्रजचा घाट. या वेळी सगळ्यात खाली १७ नंबरचा सेल होता, ३.०९ व्होल्ट. गाडी १७५ किलोमीटर चालतेय.

काढलेल्या मॉड्यूलमध्ये नऊ सेल ठणठणीत आहेत. एखाद्या सोसायटीच्या जिन्यातले दिवे रात्रभर चालवतील एवढी ताकद त्यांच्यात आहे. डिंकामुळे सुटे करता आले नाहीत.

पाषाण_रोड :

ते मॉड्यूल कापून टाकू नका. ६३ नंबरचा सेल नेमका का गेला, हे बघण्यासारखं आहे. डिंक कोणता आहे तेही बघता येईल, काही डिंक ठरावीक तापमानाला सुटतात. माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलते.

सीओईपी_तिसरं_वर्ष :

प्रोजेक्ट ठरला. पुण्यात मिळतील तेवढ्या ई-गाड्यांचे पॅक कुठपर्यंत उघडतात आणि किती वेळात, याची नोंद करायची. पद्धत सगळीकडे सारखी, दोन माणसं, साधी हत्यारं. दादा, पहिली नोंद तुमची लिहू का?

दहाचा_पाना :

लिही. झाकण : ४ तास. मॉड्यूल : दीड तास. सेल : निघाला नाही.

कुदळवाडी :

आमच्याकडे काल एक दुसरी आली, वेगळ्या कंपनीची. झाकण : ३५ मिनिटं, गॅसकेट होतं. मॉड्यूल : ४० मिनिटं. सेलचं रविवारी बघतो, तू ये.